शपथेवरची शब्दशः प्रत

अमरावतीला वकिलांच्या एका शिबिरात मी इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर तासभर बोललो होतो. फायलीची हॅश म्हणजे तिच्या बोटाचा ठसा, आत एवढंसं बदललं की ठसाही बदलतो, असं मोठ्या ऐटीत सांगितलं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून अकोल्याच्या बाररूममध्ये मी ‘मोबाइलवाला वकील’. अन् मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

त्याच सुमारास जठारपेठेतल्या माझ्या ऑफिसात एक बाई आली. मूळची वरूडकडची. नवऱ्यापासून वेगळी राहून, ब्लाउज शिवून आठ वर्षांच्या पोरीला सांभाळायची. नवऱ्याने पोरीचा ताबा मागितला होता. त्याचे धमकीचे व्हॉइस मेसेज तिने एकही न पुसता ठेवले होते. काच फुटलेला तो मोबाइल ती रुमालात गुंडाळून आणायची. पोरगी जवळ राहते की जाते, सगळं त्या मोबाइलवर होतं.

मी कायद्याप्रमाणे सगळं केलं. फायली उतरवल्या, हॅश काढली, प्रमाणपत्र जोडलं. राहिलं होतं ते मेसेज ऐकून कागदावर उतरवणं. एका मेसेजमध्ये तो म्हणत होता, "पोरीले पाहाले जीव तरसून राहिला माहा. एक दिवस शाळेतून उचलूनच नेतो तिले, मंग बस बोंबलत."

आणि मी, त्याच वरूडच्या मातीतल्या माणसाने, टायपिस्टला सांगितलं, "लिही. मी मुलीचे शाळेतून अपहरण करीन. मग तू तक्रार करीत राहा." जीव तरसण्याचं गाळूनच टाकलं. पुण्याला कॉलेजात माझ्या ‘मले-तुले’वर पोरं इतकी हसली होती, की कोर्टाच्या कागदावर ती भाषा मला नकोच वाटायची.

बाईने कागद वाचला. "साहेब, तो असा नाही बोलत," ती म्हणाली.

"कोर्टात असंच लिहावं लागते, ताई. करा सही."

तिने केली. सहीच्या वर छापलं होतं, शपथेवर सांगते की हा मजकूर शब्दशः खरा आहे.

उलटतपासणीत समोरच्या वकिलाने नेमका तोच मेसेज भर कोर्टात वाजवला. मग कागद तिच्या हातात दिला. "त्याच्या बोलण्यात अपहरण कुठं आहे, बाई? बाप रडून राहिला, ते कावून गाळलं? अजून काय काय बदललं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला फक्त उभं राहून बोलायचं होतं, की हे माझं काम आहे, तिने तर मला टोकलं होतं. पण त्या शिबिरातल्या टाळ्या आठवल्या. लोक काय म्हणतील! मी खाली फायलीत पाहत राहिलो, मुर्दाडासारखा.

"माही चूक झाली साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली. "मी नीट वाचलं नाही."

मोबाइल अस्सल होता, आवाज अस्सल होता. पण शपथेवरच्या कागदात फेरफार झाला, हे आदेशात आलं, अन् उन्हाळ्याची सगळी सुट्टी पोरगी बापाकडे गेली.

तिला सोपवायचं ठरलं कोर्टाच्या आवारातच. बाप गेटापाशी ऑटो थांबवून उभा होता. पोरीच्या पाठीवर शाळेचंच दप्तर, त्यात कपडे. ती थांबली.

"आई, पप्पा म्हणते, तू कोर्टात खोटं बोलली. खरं हाय का?"

बाईने तिच्या फ्रॉकची गुंडी लावून दिली. "हो माय. चूक झाली माही."

मी हातभर अंतरावर होतो. पोरीने एकदा माझ्याकडेही पाहिलं. मी घड्याळात पाहिलं.