न गुंतणारा चाप

माझ्या डोक्यावर केस नाहीत. तिशीतच गेले. त्यामुळे कुपवाडच्या ज्या शेडमध्ये मी डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवायचं काम करतो, तिथं बायकांच्या केसांच्या चापाचं काम माझ्या टेबलावर आलं तेव्हा प्रेसवरची पोरं तासभर हसत होती. "उपाशी माणसाला पंगतीत वाढायला लावलंय की मालकांनी," एक जण म्हणाला. मीही हसलो. पण चाप हातात घेऊन उलटा केला आणि माझं हसू गेलं. का गेलं, ते मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

चाप तसा देखणा होता. वर सोनेरी मुलामा, रंगीत खडे, खाली केस दाबून धरणारी स्प्रिंगची पट्टी. मालकांनी पहिला माल बाजारात पाठवला आणि आठवड्याभरात तो परत यायला लागला. घालताना काही नाही, पण काढताना केस ओढतो, तोडतो, अशी तक्रार. मालक म्हणाले, "शोभा कमी व्हायला नको आणि एक केस अडकायला नको. कसं करायचं ते तू बघ."

अगदी असाच एक चाप मी एकदा विकत घेतला होता.

आयटीआय करून सांगलीत शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा पहिल्या पगारात आक्कासाठी घेतला. आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, बाप मेंढरांमागं, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढं तिला आमच्याच माण तालुक्यात दिली. तिचे केस एवढे लांब होते की बसताना आधी ते बाजूला घ्यावे लागत. चाप दिला तेव्हा तिनं तो तिथंच घातला आणि शेजारच्या चार घरांत दाखवून आली. "माझ्या भावानं आणलाय, सांगलीस्नं," असं प्रत्येक दारात सांगितलं. झोपतानाही काढत नव्हती म्हणे.

दोन वर्षांनी तिला टायफॉईड झाला. महिना-सव्वा महिना अंथरुणाला खिळली. त्या घरात तिच्या तोंडात पाणी घालायलाच कुणाला सवड नव्हती, मग डोक्याला फणी कोण लावणार? उठून बसली तेव्हा डोक्याच्या मागं मुठीएवढा गठ्ठा झालेला. सासूनं तेल ओतून बघितलं, मग पकडीनं चाप मोडून जेवढा निघाला तेवढा ओढून काढला. गठ्ठा सुटला नाही. शेजारच्या गावात एका बाईच्या अंगात येतं. तिला आणलं. तिनं हात लावला आणि सांगितलं, "देवीनं जागा केलीया. जट हाय ही. हितनं म्होरं फणी लावू नगा, कातर लावू नगा."

त्या साली भाऊबीजेला गेलो तेव्हा गठ्ठ्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. ओवाळून झाल्यावर आक्का माझ्या पाया पडायला वाकली. "आगं, तू थोरली," म्हणत मी तिला उठवायला खाली वाकलो आणि केसांच्या आत मला काहीतरी चमकताना दिसलं. स्प्रिंगचं टोक होतं. माझा धंदाच तो. एका नजरेत कळलं की केस कुठं अडकले, कशात पीळ बसला आणि गाठीवर गाठ कशी चढत गेली. देवीबिवी काही नाही. माझाच चाप.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. चाप माझा होता, म्हणून आधी भ्यालो, हे खरं कारण. दुसरं कारण मी मागाहून शोधलं. जट आल्यापासून आक्काचा त्या घरात मान वाढला होता. मंगळवारी, शुक्रवारी बायका तिची ओटी भरायला येत. सासू तिला आधी वाढायची. दाजी, म्हणजे तिचा नवरा, तिला पाण्याची कळशीही उचलू देत नव्हता. मी स्वतःला म्हणालो, कशाला तोंड उघडायचं? तिचं बरं चाललंय. अशी समजूत घालायला अक्कल लागत नाही, नुसती गरज लागते.

त्याला आता अकरा वर्षं झाली. जट वाढत वाढत कमरेच्या खाली आली. दाव्यासारखी जाड झाली. आक्का ती फडक्यात बांधून खांद्यावर टाकते आणि कामं करते. गेल्या वर्षी तिचा उजवा हात बधिर व्हायला लागला. दहिवडीच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि सांगितलं की हे ओझं उतरवा, नाहीतर हात जाईल. ती नुसती हो म्हणून घरी आली. हे मला दाजीनंच फोनवर सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात तो परत आलेला चाप माझ्या टेबलावर आला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

मी ठरवलं, असा चाप बनवायचा की त्यात केस गुंतणारच नाही. तो घेऊन आक्काकडं जायचं, खरं काय ते सांगायचं, जट उतरवायची आणि केस परत वाढले की तिला तो घालायला द्यायचा. पाप फेडायचा हा सरळ हिशोब वाटला मला.

चाप सुटा केला आणि भिंगाखाली धरला. केस अडकायच्या जागा तीन. बिजागरीचा रिव्हेट आणि पत्रा यांच्यामध्ये बारीक फट होती, त्यात केस शिरायचा. पत्रा कापताना कडेला जी खरखरीत धार उरते, तिला आम्ही बर म्हणतो, ती नीट घासलेली नव्हती. आणि खडे धरून ठेवणारे दाते उलटून खाली आले होते. मी बर काढली, दाते आत दाबले, रिव्हेट घट्ट केला. आता तपासायचं कशावर? पॅकिंगला बायका आहेत, पण त्यांना केस सोडून बसा असं मी कोणत्या तोंडानं सांगणार?

घरात आक्काकडची लोकर होती, तिनंच उशी भरायला दिलेली. आमच्या घराण्यात केस म्हटलं की लोकरच आठवते. मी मूठभर लोकर शिकंज्यात धरली आणि चाप लाव-काढ, लाव-काढ करत बसलो. जेवणाच्या सुट्टीतही तेच. एक तंतू अडकला नाही. मालक खूश. मी त्याहून खूश. ऐटीत एक चाप घरी नेला. बायको नुकतीच न्हाली होती. तिनं घातला, आरशात बघितला, काढायला गेली आणि ओरडली. चापाबरोबर चार केस हातात.

"आवं, बायकूसाठी केलाय का मेंढीसाठी?" ती म्हणाली.

मी भडकलो. एवढी मेहनत आणि वर हे! पण जेवताना डोक्यात प्रकाश पडला. लोकर धुतलेली नव्हती. कातरलेली लोकर अंगचीच तेलकट असते, ती कशातूनही निसटते. न्हालेला कोरडा केस वेगळा. जन्म मेंढरांत गेलेल्या माणसाला हे कळू नये! मेंढ्या राखणाऱ्याचं पोर लोकरीनंच फसलं.

मग मला हवं होतं गुंतवळ. विंचरल्यावर फणीत राहिलेले केस. बायका ते साठवून ठेवतात आणि केसावर भांडी देणारा आला की त्याला घालतात. मी सरळ पॅकिंगमध्ये जाऊन म्हणालो, "उद्या येताना सगळ्यांनी गुंतवळ घेऊन या." सगळ्यांचे हात थांबले. बाईचे केस परपुरुषानं मागायचे म्हणजे करणीच, दुसरं काय? त्यांच्यातली थोरली मावशी उठून मालकांकडं गेली. "टकल्याला आमचे केस कशाला पायजेत, इचारा," म्हणाली. मालकांनी समजूत घातली, तरी कुणी दिले नाहीत. शेवटी बायकोनं स्वतःचे दिले, तेही "माझ्यासमोर मोजून परत द्यायचे" या अटीवर.

ते धुऊन वाळवले आणि त्यावर दोन महिने काम केलं. खडे काढूनच टाकले. त्याऐवजी पत्र्याला खालून ठोसा देऊन घोंगडीच्या काठासारखी नक्षी उठवली, म्हणजे दाते हवेतच कशाला? कडा साडीच्या काठासारख्या आत मुडपून घेतल्या. बिजागरी केसांच्या रुंदीबाहेर नेली आणि तिच्यावर पत्र्याची जीभ आणली. वेगळी स्प्रिंग काढली, पट्टीलाच बाक दिला. लावला, काढला. एक केस अडकला नाही. पॅकिंगच्या बायकांनी आठवडाभर घालून बघितला. मावशीनं तर परत दिलाच नाही. त्या दिवशी मी शेडच्या मागं जाऊन रडलो. आनंदानं म्हणावं तर तसं नव्हतं. आक्काचा तो चाप करताना एखाद्या कारागिरानं एवढीच तसदी घेतली असती तर, असं मनात येत होतं.

रविवारी सकाळी मोटरसायकल काढली. विटा, मायणी करत दुपारच्या आत पोहोचलो. दाजी बाहेर झाडाखाली बाजेवर बसला होता. सासू आता हयात नाही. आक्का आत बाजरी निवडत होती. जट मांडीवर घेतलेली. मी तिच्यासमोर बसलो आणि गाडीवर पाठ करून आणलेलं सगळं विसरलो.

"आक्का, ही जट देवीची न्हाई," मी म्हणालो. "माझ्या चापाची हाय. स्प्रिंग हाय आत. मी पयल्याच भाऊबीजेला बघितली हुती. बोललो न्हाई."

तिचा हात थांबला नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कवापास्नं?"

"पयल्या दिसापास्नं. डोस्कं माझं हाय न्हवं? टोचतंय ते मला कळायचं न्हाई व्हय?"

"मग आक्का, कापली का न्हाईस? हात चाललाय तुझा."

तिनं दाराकडं बघितलं. आवाज खाली आणला. "जट यायच्या आदी तुजा दाजी ह्याच केसाला धरून मला फरफटत न्यायचा. चुलीपास्नं गोठ्यापतोर. जट आली आन् त्या दिसापास्नं त्येचा हात अंगाला लागला न्हाई. भितोय देवीला."

भाऊबीज, राखी, जत्रा, दर वर्षी मी त्या घरात आलो होतो. पत्र्यावरची केसाएवढी धार मला बोटानं कळते, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. तसं मी तिला म्हणालो.

"तुला कसं दिसंल? तू येणार म्हटलं की दोन दीस आदी मारायचं थांबवायचा. वळ दिसू नयेत म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "मी ओवाळायसाठी तुजी वाट बघायची न्हाई रं. त्या दोन दिसांसाठी बघायची."

मी चाप खिशातून काढला होता, तो तसाच हातात राहिला. तिनंच तो घेतला. उघडला, मिटला. नक्षीवरून बोट फिरवलं, मग कडेवरून, मग खालून. तिला कामातलं कळतं, तिच्याएवढी बारीक लोकर आमच्याकडं कुणी कातली नाही.

"लय ग्वाड झालाय," ती म्हणाली. "ह्येच्यात केस गुतत न्हाई?"

"एक बी न्हाई."

"मग मला काय उपेग त्येचा?"

ती हसत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. नीट विचार करून जे वाटलं ते सांगत होती. तिनं चाप माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटली, लहानपणी शाळेत जाताना गुळाचा खडा देऊन मिटायची तशी.

मी म्हणालो, "चल माझ्याबरं. आत्ता. सांगलीत जट उतरवू, माझ्याकडंच ऱ्हा."

"आन् चार दिसांनी त्यो न्यायला आला की?" तिनं विचारलं. "तवा माज्या डोक्यावर काय आसंल?"

मी म्हणायला हवं होतं की मी असेन. तोंडाशी आलंही होतं. पण अकरा वर्षं जो माणूस एका स्प्रिंगच्या टोकाविषयी बोलू शकला नाही, त्याच्यावर तिनं तरी कशाला विश्वास ठेवावा? ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं थोडी वाट बघितली, हे मला दिसलं. मग ती सूप बाजूला ठेवून उठली.

बाहेरून दाजीची हाक आली, "पावणं, आलायसा तर जेवूनच जावा. आवं, वाढा की त्यास्नी." बायकोला तो आता अहोजाहो करतो.

आक्कानं दोन ताटं वाढली. मी हात धुतले आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसलो. त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात भाकरी ठेवली, आणि मी ती खाल्ली.