मागच्या ब्रेकमधली हवा

काल आमलीच्या गॅरेजात ब्रेक ऑइलचा वास आला आणि आमचा जुना पिकअप आठवला.

तेव्हा राखोलीच्या घराच्या अंगणात मी त्याच्या मागच्या चाकापाशी आडवा होतो. ब्रेकचा गळका सिलिंडर बदलून झाला होता, आता पाइपातली हवा काढायची होती. माझी बायको सुमन वर पेडल दाबून बसली होती. मी स्क्रू सैल केला की तेलाबरोबर बुडबुडे येत. पण तो आवळण्याआधीच तिचा पाय उचलला जाई आणि हवा परत आत शिरे. सहा वेळा तसंच झालं.

"अगं, एवढंही जमत नाही?"

"अहो, मी नाही उचलत. आपोआप सुटतोय."

"पायाला वेगळं डोकं आहे का तुझ्या?"

ती हसली. मग दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. सातव्यांदा निव्वळ तेल आलं.

तिला जाऊन चार वर्षं झाली. आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "पायातला अशक्तपणा पहिल्यांदा कधी जाणवला?"

मला वारसुद्धा आठवत होता. सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "नक्की नाही सांगता येणार."