बाबांची खुर्ची आणि शेअरचं बटण

ढाणकीतली निम्मी लग्नं आमच्या बाबांनी लावली असं मी म्हणते, आणि त्यात थाप फार थोडी आहे. ते भटजी नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं डीटीपीचं दुकान आहे आणि पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका त्यांच्याच कॉम्प्युटरवर तयार होतात. पत्रिका म्हणजे मोठी जोखमीची वस्तू. एखादा मामा काकाच्या खाली गेला, की मांडवात रुसून बसलाच समजा. म्हणून बाबांचा एक रिवाज आहे. मजकूर झाला की गिऱ्हाइकाला आपल्या खुर्चीत बसवायचं, पत्रिका त्याच्या डोळ्यांनी वाचू द्यायची, आणि आपण बाजेवर जाऊन बसायचं. दुकानात खुर्ची एकच.

त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स मीच घातलं. मी पुण्यात असते, कामही कॉम्प्युटरचंच. पहिले फार सोयीचं होतं. बाबांचं काही अडलं की इथूनच त्यांच्या पडद्यावर शिरायचं, निस्तरायचं आणि निघून यायचं. कोणाला विचारायची गरज नाही, माहेरी मागच्या दारानं जावं तसं.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आयुष्यभर लोकांच्या पोरींच्या पत्रिका केल्या, आता घरची करायची, म्हणून बाबा किती दिवस नुसती नक्षीच निवडत होते. शेवटी मुदतीचा दिवस उजाडला, उमरखेडच्या प्रेसवाल्याला मजकूर संध्याकाळच्या आत हवा होता. रातोरात छापायचं आणि दुसऱ्या दिवशी ढाणकीच्या बाजारात आलेल्या नातलगांच्या हाती पत्रिका द्यायच्या, असा बेत होता. आणि नेमकं त्याच सकाळी बाबांनी अपडेटला हो म्हटलं. का, तर कॉम्प्युटर बिचारा रोज इतक्या अदबीनं विचारतो, किती दिवस नाही म्हणायचं!

झालं. मराठी टायपिंग बंद. नवरीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. बाबांचा फोन आला तेव्हा आवाज पार उतरलेला. संध्याकाळपर्यंत सुधारलं नाही तर मजकूर दुसऱ्याच्या दुकानातून करून आणावा लागेल म्हणाले. ढाणकीच्या पत्रिकावाल्याच्या पोरीची पत्रिका दुसऱ्याच्या दुकानात! मला ते ऐकवेना. मी म्हटलं, तुम्ही थांबा, मी येते.

पण येते कशी? त्या अपडेटनं पडदा दाखवणारी यंत्रणाच बदलून टाकली होती. जुनी जाऊन वेलँड नावाची नवी आली होती, आणि ही बया भलती शिस्तीची. बाहेरून कोणी यायला लागलं की ती पडद्यावर एक चौकट आणते. पडदा दाखवायचा का, आणि माउसला हात लावू द्यायचा का, असं विचारते. तिथं बसलेल्या माणसानं दोन्हीला होकार देऊन शेअरचं बटण दाबलं, तरच आत घेते.

बाबांना फोनवर सांगितलं, चौकट आली की शेअर दाबा. त्यांनी दाबलं. मला पडदा दिसला, अर्धवट पत्रिका दिसली, पण माउस काही हलेना. हात लावायची परवानगी द्यायची राहिली होती. बाबा, मी पुन्हा चौकट आणते, या वेळी दोन्हीला होकार द्या, मी म्हणतेय. उत्तर नाही. फोन चालू, पंख्याची घरघर ऐकू येतेय आणि माणूस गायब. कोणी हातच लावेना, म्हणून जरा वेळानं पडद्याला आपोआप कुलूप लागलं आणि मी बाहेर. पुन्हा फोन, पुन्हा चौकट, आणि माझं सांगून होण्याआधीच शेअर दाबून माणूस पुन्हा गायब. माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! त्या वेलँडच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. इकडे खिडकीतलं ऊन कलायला लागलं होतं. शेवटी धाकटीला फोन लावला आणि म्हटलं, जा, बघ जरा बाबा जातात कुठं.

ती पुढच्या खोलीत डोकावली आणि हसतच सुटली. "ते बाजेवर बसून हायेत. म्हणे, ताई येऊन राह्यली ना, तिले खुर्ची खाली करून देली."

पडदा दुसऱ्यानं पाहायचा तर खुर्ची त्याची, हाच त्यांचा उभ्या जन्माचा रिवाज. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी बाबांना बोलावून सांगितलं की तुम्ही उठू नका, आज आपण दोघं एकाच खुर्चीत बसू. मग त्यांनी दोन्ही होकार दिले. टायपिंग ठीक करायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. बाबा टाइप करत गेले आणि मी इथून गिऱ्हाइकासारखी वाचत गेले. निमंत्रकांत त्यांनी माझं नाव काकांच्याही वर घातलं. काका रुसतील म्हटलं, तर म्हणाले, रुसू दे, मी पाहून घेईन. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दिवेलागणीच्या आधी मजकूर उमरखेडला पोचला.

लग्न झालं, धाकटी नांदायला गेली. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे घरात आता बाबा एकटेच. अशात मला त्या चौकटीवरचा उपाय सापडला. एकदा खूण करून ठेवली की ती पुन्हा काही विचारत नाही. मोठ्या उत्साहानं बाबांना फोन केला, सांगितलं, आता पहिल्यासारखं होईल, तुम्हाला काही दाबायला नको.

"राहू दे ना माय," ते म्हणाले. "पहिले तू येऊन जायची अन् मले पत्ताच नाही लागायचा. आता ते इचारते, तं मले समजते, पोरगी आली."

मी ती खूण केली नाही. आता काही अडलेलं नसलं तरी रविवारी मी ढाणकीच्या पडद्यावर जाते. फोन स्पीकरवर असतो. चौकट उमटते. दोन्ही होकार बाबा आता न चुकता देतात, आणि तरी म्हणतातच, "आली का? बस, मी खुर्ची खाली करतो."