वरच्या दांडीवरची गाठ

डॉक्टर म्हणाले, "मनगट वर उचला." मी उचललं, निदान मला तसं वाटलं. खाली बघितलं तर पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. पुन्हा जोर लावला. कपाळाला घाम फुटला, पण पंजा जागचा हलला नाही.

"रेडियल नर्व्ह पाल्सी," ते म्हणाले. मनगट आणि बोटं वर उचलायचा हुकूम ज्या मज्जातंतूतून हाताला पोचतो, तो दुखावला होता. हाताची मोडलेली हाडं दोन दिवसांपूर्वी प्लेटा घालून बसवली होती. तंतूला मात्र प्लेट घालता येत नाही. त्याची वाट बघायची असते.

मी मिरकरवाड्याचा तांडेल. म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. दहावी नापास झाल्यापासून समुद्रावर आहे. दुसरं काही येत नाही आणि शिकायची हौसही नव्हती. उजवा हात गेला तर आपण कोण? बायको, सुनंदा, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "स्टेअरिंग कसं धरलं होतंत? हात वर होता? घड्याळातल्या बाराच्या जागी?"

होता. का होता, ते सांगतो. आमच्याकडे बोटीच्या चाकाच्या एका दांडीवर जाळ्याच्या दोऱ्याची गाठ मारून ठेवतात. ती गाठ बरोबर वर आली की सुकाणू सरळ. तांडेल एक हात त्या गाठीवर ठेवतो, नजर समोर पाण्यावर. बघायला लागत नाही, तळव्याला कळतं. गेल्या वर्षी जुनी गाडी घेतली तेव्हा मी तिच्याही स्टेअरिंगला वर तशीच पांढरी गाठ मारली. जेटीवर सगळ्यांना कौतुकाने दाखवली. दोघा-तिघांनी माझं बघून आपापल्या गाडीला मारली. केवढा शहाणा मी!

सुनंदा रीतसर क्लास लावून गाडी शिकलेली. ती रोज सांगायची, "अवो, गाडी हाय ती, होडी नाय. दोन्ही हात बाजूला धरा. नऊ आणि तीन."

"तुझ्या मास्तरान कधी सुकाणू बघितलंन काय?" मी म्हणायचो, आणि स्वतःच हसायचो.

जूनमध्ये मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या होत्या, म्हणून अलोऱ्याला मेव्हणीकडे निघालो. वळणावर पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. माझा वेग फार नव्हता. पट्टा लावलेला होता. आम्ही मागून आदळलो, एअरबॅग फुटली. सुनंदाला खरचटलं. माझा हात माझ्याच तोंडावर आपटला आणि कोपराच्या वर आणि खाली असा दोन ठिकाणी मोडला.

"एअरबॅग स्टेअरिंगच्या मधून उसळते," डॉक्टर म्हणाले. "तुमचा हात तिच्या वाटेत आडवा होता. दोन्ही हात बाजूंना असते तर बॅगेने तुम्हाला झेललं असतं आणि हात शाबूत राहिला असता." मला वाटलं, आता सुनंदा बोलणार. पण हॉस्पिटलात होतो तेवढे दिवस ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मग सुरू झालं वाट बघणं. मनगट खाली पडू नये म्हणून कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे पंजा उचलून धरणारी पट्टी, दिवसरात्र. फिजिओथेरपी. तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मी खांद्यापासून नखापर्यंत सुतळीने हात मोजायचो. ऑगस्ट आला, बोटी पाण्यात गेल्या, माझी बोट तांडेलाची वाट बघत उभी राहिली. नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणी झाली. त्यात विजेचे बारीक झटके देऊन तंतू जागा आहे का ते बघतात. झटका बसला की मी आनंदाने ओरडायचो, आणि तपासणारी मुलगी घाबरायची.

फिजिओथेरपीच्या रांगेत बसलेल्यांना सांगतो, या आजारात माणूस सगळ्यांवर चिडतो. मी ताटं भिरकावली आहेत. सुनंदा भाताचे घास भरवायची आणि मी तिलाच बोलायचो. मला त्याची लाज वाटते.

सातव्या महिन्यात मनगट उठलं. आम्ही दोघं रडलो. पण अंगठा आणि बोटं पुरती उघडेनात. वर्ष झालं तेव्हा डॉक्टर खुर्ची जवळ ओढून बसले, त्यावरूनच मी समजलो. "यापुढे फारसं काही येणार नाही. उसळत्या पाण्यात चाक धरू नका. सोबत माणसं असतात तुमच्या."

या मोसमात बोट दिनेशच्या ताब्यात दिली. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली खलाशी होता. पहिल्या फेरीआधी नारळ वाढवायला मला न्यायला तो त्याची गाडी घेऊन आला. मागे त्याची बायको आणि मुलगी. निघालो आणि मी त्याच्या हाताकडे बघितलं. तळवा वर, तळव्याखाली पांढरी गाठ.

"गाडी थांबव," मी ओरडलो.

"काय झालां?"

"ती गाठ सोड."

तो गोंधळला. "तुमीच तर शिकवलंत, तांडेल."

"म्हणून तर. सरक, मीच सोडवतो."

त्याने सुरी देऊ केली, मी घेतली नाही. हजारो गाठी मारलेला हात, पण अंगठा उघडेना. डाव्या हाताने धरलं, दातांनी ओढलं. बराच वेळ गेला, पण सुटली. मग त्याचे दोन्ही हात धरून बाजूंना ठेवले, नऊ आणि तीन. सुनंदाचेच शब्द माझ्या तोंडी आले.

बोटीवरची गाठ मी राहू दिली. तिथे ती बरोबर आहे.

बोट धक्क्यावरून सुटली. दिनेशचा हात वर, मी मारलेल्या गाठीवर. मी निरोपाला हात वर केला. मनगट उठलं, बोटं मिटलेलीच राहिली. त्याने तेवढ्यालाच निरोप समजून गाठीवरचा हात क्षणभर उचलला आणि परत जागी ठेवला.