मित्राच्या गाडीला लोहचुंबक

ऑर्व्हिल ड्राइसबाखचा या जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, ती म्हणजे मोज्यात गुंडाळून खिशात ठेवलेलं लोहचुंबक. बाविसाव्या वर्षी सख्ख्या मेव्हण्याने त्याच्या गळ्यात एक जुनी गाडी मारली. पहिल्याच हिवाळ्यात तिच्या रंगाचे पोपडे पडले आणि खाली पत्र्याऐवजी नुसती पुट्टी निघाली, तेव्हापासूनचं हे. पुढे तीस वर्षं त्याने कुट्झटाउन गावात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं. जुन्या गाड्यांचे शौकीन सौद्याआधी त्यालाच सोबत न्यायचे. चुंबक चिकटलं तर पत्रा अस्सल, घसरलं तर लबाडी. मग विकणारा पाद्री का असेना.

त्याला जिवलग मित्र एकच, शाळामास्तर क्लेमेंट हार्टझेल. दर शनिवारी स्क्रॅपलच्या तळलेल्या मांसवड्या आणि अंड्यांच्या न्याहारीवर दोघांची जुंपायची.

"तुझी ब्यूक म्हणजे चाकं लावलेला सोफा," क्लेमेंट म्हणायचा. "माझी सिट्रोएन खड्ड्यातून गेली तरी कपातली कॉफी हलत नाही."

"आधी उठू तर दे तिला. रात्रभर जमिनीला टेकून बसते, चावी फिरवली की तेलाच्या दाबावर म्हातारीसारखी कण्हत वर येते. वर पार्ट हवा असला की लिही फ्रान्सला पत्र. माझ्या ब्यूकचा पार्ट कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतो."

चुंबक मात्र क्लेमेंटने कधी लावू दिलं नाही. "मित्राच्या गाडीला नाही लावायचं ते," एवढंच हसून म्हणायचा. ऑर्व्हिलला हे सव्वीस वर्षं सलत होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

मार्चमध्ये क्लेमेंट गेला. मे महिन्यात त्याची बायको आर्लीन म्हणाली, "गाडी बघायला एक जण येतोय. त्याआधी तू बघून घे."

फ्रेंच गाडी ऑर्व्हिलच्या हाताखाली कधी आली नव्हती. दारांना चुंबक घट्ट बसलं. बॉनेटवरून सरळ घसरलं. टपावरूनही घसरलं. आपला संशय खरा ठरला याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याने चुंबक पुन्हा मोज्यात गुंडाळून ठेवलं. ज्याच्यासोबत हजारभर शनिवार घालवले, तोही मेव्हण्यासारखाच निघाला.

"आर्लीन, ही गाडी कधीतरी उलटलीय. वरचं सगळं बदललंय. क्लेमेंटने आपल्यापासून लपवलं."

आर्लीन आत गेली आणि गाडीसोबत आलेलं जुनं पुस्तक घेऊन आली. चष्मा लावून तिने पान काढलं.

"बॉनेट ॲल्युमिनियमचं, टप फायबरचा. कारखान्यातूनच तसा येतो. तुमच्या गाड्यांसारखं सगळं लोखंड नाही हिच्यात."

"मग मला लावू का नाही दिलं त्याने?"

"तू चारचौघांत लावलं असतंस आणि चारचौघांत चुकला असतास. लोक ऑर्व्हिलच्या चुंबकावर विसंबतात, त्याचं हसं नको व्हायला, असं म्हणायचा."

ऑर्व्हिल पायरीवर बसला. त्याला स्वतःची लाज वाटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

"माझ्या ब्यूकच्या मागच्या डाव्या मडगार्डात बोटभर पुट्टी आहे," तो खाली बघत म्हणाला. "मीच भरलीय. क्लेमेंटला मात्र अस्सल आहे म्हणून सांगत आलो."

"माहीत होतं त्याला," आर्लीन म्हणाली. "पहिल्याच उन्हाळ्यात त्याने तिथे टिचकी मारून पाहिली होती. पत्र्यासारखं वाजलं नाही."