पकडीचा गडी

माझ्या भावाने पुण्यातून हुकूम सोडला, की आप्पांची स्कूटर या वेळी बंद झालीच पाहिजे. ते तुझ्याकडे आयर्लंडला, एनिसमध्ये राहायला येतायत, तेव्हा तूच समजाव, तुझं ते ऐकतात. आप्पांनी आयुष्यात कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. भावाला स्वतःला बोलायचं नसलं की तो असं म्हणतो. आमचे वडील पंचाहत्तरीला आलेत, आई गेल्यापासून कोल्हापुरात एकटेच असतात. गेल्या वर्षी एका वळणावर स्कूटरसकट घसरले, मनगट मोडलं, आणि प्लास्टर निघालं त्या दिवशी स्कूटरवरूनच घरी आले.

आप्पा एके काळचे कबड्डीपटू. डावा कोपरा. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच त्यांचं काम. स्पर्धेत उत्कृष्ट चढाईला सायकल मिळायची आणि उत्कृष्ट पकडीला थर्मास. आमच्या घरात थर्मासच थर्मास होते, सायकल मात्र विकत आणावी लागली.

काही वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा इकडे आले, तेव्हा त्यांना अमेरिकन फुटबॉल भेटला. माझ्या नवऱ्याने नोकरीची सुरुवातीची वर्षं अमेरिकेत काढली, तिथून हे वेड घेऊन आला. रविवारी संध्याकाळी त्याला सोफ्यावरून उठवायची कुणाची हिंमत नाही. आप्पा आधी पाहुण्याच्या भिडेने शेजारी बसले. मग त्यांचं लक्ष एका धिप्पाड गड्याकडे गेलं. तो बचावाचा माणूस. समोरच्याने चेंडू फेकायच्या आत त्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. चेंडू त्याच्या हाताला लागतच नव्हता, तरी अख्खं मैदान त्याच्यासाठी उभं होतं. याला बक्षीस काय देतात, असं आप्पांनी विचारलं. नवऱ्याने त्याचा पगार सांगितला. आप्पांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला.

तेव्हापासून तो ‘आपला गडी’ झाला. खेळाचे नियम मात्र आप्पांनी कधीच मान्य केले नाहीत. इतका छान लोळवलेला माणूस बाद न होता उठतो आणि पुन्हा खेळायला लागतो, यात त्यांना पंचांचा सरळसरळ घोटाळा दिसे. आणखी एक पंचाईत होती. माझा नवरा चेंडू फेकणाऱ्यांचा भक्त, आणि गडी नेमका त्याच्याच लाडक्या संघाच्या फेकणाऱ्याला उताणा पाडायचा. जावयाचं नुकसान जावयासमोर साजरं करणं आप्पांच्या रीतीत बसेना. ते गंभीरपणे उठून स्वयंपाकघरात यायचे, मी पोळ्या लाटत असायची, माझ्या शेजारी उभे राहून दोनदा मांडीवर थाप मारायचे, आणि चेहरा पाडून परत जायचे.

“पावनं, लागलं न्हाई न्हवं त्यास्नी?”

नवरा दातओठ खात म्हणायचा, नाही आप्पा, बसा.

ते परत गेल्यावरही फोनवर आधी गड्याची चौकशी व्हायची, मग नातीची. दुसऱ्या खेपेला आले तोवर गडी इतका भारी झाला होता, की त्याला थोपवायला दोन-दोन माणसं लावत. एकट्याला दोघं लागतात, हे आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आमच्या आयरिश शेजाऱ्यालाही त्यांनी बोटांनी करून दाखवलं. तो बिचारा ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत राहिला, इथे ‘छान’ला तसंच म्हणतात. मग एका रविवारी गड्याचा गुडघा गेला. आप्पांना घास जाईना. मी शॅननच्या कारखान्यात शस्त्रक्रियेची उपकरणं तपासते, एवढ्या आधारावर त्यांनी मला विचारलं, की तुमच्याकडून त्याला एखादा चांगला गुडघा पाठवता येईल का.

या वेळी आले तेव्हा गडी पुन्हा खेळत होता, पण आता तो पोचायच्या आत चेंडू निघून गेलेला असायचा. मला ही स्कूटरचा विषय काढायची सोय वाटली. आता त्याने थांबायला हवं, नाही का, असं मी दर रविवारी सुचवायची. त्याचं तो बघेल, एवढंच आप्पा म्हणायचे.

आणि हंगाम संपल्यावर गड्याने खरंच निवृत्ती जाहीर केली. नवऱ्याने शनिवारी दुपारी त्याचं भाषण टीव्हीवर लावलं. आप्पांना ते इंग्रजी झेपणारं नव्हतं, म्हणून भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. एवढा मोठा गडी रडत होता, डोळे पुसत होता, आणि मी सांगत होते, “तो म्हणतो, माणसाने पडायच्या आधी थांबावं. तो म्हणतो, वय झालं की हातपाय दगा देतात.” तो नुसता ‘थँक यू’ म्हणाला, त्याचं मी ‘घरच्यांच्या जिवाला घोर लावू नये’ असं केलं. नवऱ्याने चहाच्या कपात तोंड लपवलं.

माझी मुलगी इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या, क्लेअर परगण्याच्या हेलातल्या इंग्रजीत देते. ती जमिनीवर बसून टोस्ट खात होती.

“आई, ही नेव्हर सेड दॅट अ‍ॅट ऑल.”

एवढं इंग्रजी आप्पांना बरोबर कळलं. त्यांनी तिला विचारलं, “मग काय म्हनला, बाळ?”

ती शब्द शोधत राहिली. “तो म्हणाला, आता सकाळी मुलांना शाळेत सोडणार. रोज. आणि सगळ्यांबरोबर जेवणार. ही’ज ग्रँड, आजोबा.”

आप्पांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. हे स्कूटरचं चाललंय ना, असं त्यांनी मला विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“गडी थांबला, कारन त्याच्या घरात मानसं हायत,” ते म्हणाले. “माझी मानसं, जुनं खेळगडी, तिकडं कबड्डीच्या मैदानावर बसत्यात. सकाळी स्कूटर काढली न्हाई, तर दिवसभर माझ्याशी बोलाय कोन हाय, सांग.”

आम्ही भावंडं त्यांचं हाड वाचवायला निघालो होतो, आणि त्यासाठी त्यांचा सगळा दिवसच काढून घेणार होतो. मला फार वाईट वाटलं, आणि भावाचा रागही आला.

सोमवारी रजा टाकून मी त्यांना जवळच्या लिमरिक शहरात नेलं आणि एक भक्कम हेल्मेट घेतलं. आप्पा जन्मभर बोडक्या डोक्याने गाडी चालवलेले. कान दबतात, मुंडासं बरं, अशी कुरकुर दुकानभर केली. शेवटी गड्याच्या संघाच्या रंगाचं मिळालं तेव्हा तयार झाले. जायच्या दिवशी ते बॅगेत मावेना, तर शॅनन विमानतळावर डोक्यात घालूनच चालत आत गेले. तपासणीवाल्याने ते काढायला लावलं, आणि पलीकडे गेल्यावर त्यांनी पुन्हा घातलं. मी हसत होते आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

गाडीत बसते तोच भावाचा फोन आला. स्कूटरचं काय झालं, त्याने विचारलं.

“चालू राहणार,” मी म्हटलं. “तू महिन्यातून एकदा कोल्हापूरला जा आणि मागे बसून फिर.”