धूसर केलेली आई

काल कुरुंद्याहून वसमतला जाताना एका फोटो स्टुडिओचा नवा फलक दिसला. नवरी दागिन्यांसकट लख्ख, आणि तिच्यामागे सगळं जग दुधात कालवल्यासारखं पांढुरकं. बसमधल्या पोरी त्याला 'भारी' म्हणाल्या. माझ्या तोंडाला मात्र कडू पाणी सुटलं. एका उन्हाळ्यातलं लग्न आठवलं. त्याची शिसारी अजून उतरलेली नाही.

नवरी आमच्या शेजारची. ती लहान असतानाच तिचे वडील गेले. आईनं एकटीनं शेतात हळद लावली, काढली, शिजवली, वाळवली आणि त्यावर लेकीला शिकवलं. त्या बाईच्या तळहातांच्या रेषांतून पिवळा रंग कधी जातच नसे. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं एक जुना कॅमेरा घेतला होता, आणि तो गळ्यात अडकवून त्या लग्नात फोटोग्राफरच्या मागे मागे हिंडत होते. माणूस बोलका होता. 'डेप्थ ऑफ फील्ड' हे प्रकरण मला पुस्तकातून कधी उमगलं नव्हतं. त्यानं ते मंडपातच उलगडून दाखवलं. भिंगाचं तोंड मोठं उघडलं की ज्याच्यावर नेम धरला तेवढ्याच अंतरावरचं स्पष्ट येतं, पुढचं-मागचं विरघळतं. तोंड बारीक केलं की जवळच्यापासून लांबच्यापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. मला ते फार सुंदर वाटलं. नजरेला एवढी मुभा असते, आणि ती बोटाच्या एका हालचालीवर, याचं नवल करत मी उभी होते.

तेवढ्यात नवरीचे काका आले. जोडीच्या मागे, मंडपाच्या खांबाला टेकून तिची आई उभी होती. काका फोटोग्राफरच्या कानाशी लागले, पण मी शेजारीच होते.

"वहिनी मागं दिसून राहिल्या. विधवा बाई बरी न्हाई दिसत अशा फोटोत. तेवढं धूसर करा."

"काही तकलीफ न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं भिंगाचं तोंड उघडलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता, संकोचही नव्हता. एखाद्या ताटावरची माशी हाकलावी इतक्या सहज त्यानं ती बाई पुसली. काकांच्या अत्तराचा वास, पंगतीतल्या तुपाचा वास, सगळाच नकोसा झाला. आणि मघाशी सुंदर वाटलेलं ते ज्ञान उष्ट्यासारखं हाताला चिकटून राहिलं.

त्यानं कौतुकानं नवरीला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "माझी आई कुठं हाय यात?"

तिनं शालू सावरला, खांबापाशी गेली आणि आईचा हात धरून तिला पुढं आणलं. आई मागं ओढत होती, लोक काय म्हणतील म्हणत होती.

"म्हणू दे. तू माझ्या बराबर उभी राहा."

नवरदेव शहाणा, तो सरकून जागा देऊन उभा राहिला. फोटोग्राफर काकांच्या तोंडाकडे पाहत थांबला. तेव्हा मीच माझा गळ्यातला कॅमेरा उचलला, भिंगाचं तोंड होईल तेवढं बारीक केलं आणि फोटो काढला. त्यात सगळं आलं: लेकीचा घट्ट धरलेला हात, आईचे भांबावलेले डोळे, काकांचे वाकडे झालेले ओठ, लांब पत्रावळींवर भांडणारी कुत्रीसुद्धा.

काकांनी निवडलेल्या अल्बममध्ये आई कुठंच नव्हती. मी काढलेला फोटो तिनं माझ्याकडून मागून नेला आणि घरात लावला. आल्यागेल्याला ती तो दाखवते, दीरही त्यात आहेत म्हणून समाधानानं सांगते. मला ते समाधान जमत नाही. त्या ओठांकडे नजर गेली की मी तोंड फिरवते. वर्षं सरतात तसे चेहरे पुसट होतच जातात. ते काम काळ करतो, सावकाश, सगळ्यांशी सारखं वागून. समोर उभ्या असलेल्या माणसापुरतं ते कुणी आधीच उरकून घ्यावं, याचा वीट मात्र वयानंही कमी होत नाही. तो कमी होऊ नये, असंच आता वाटतं.